जुनें गोवें एकट्यानें पाहावें

शाळेची सहल ही चांगलीच गोष्ट आहे. डबे वाटून खाण्यांत आणि गाडींत गाणीं म्हणण्यांत जो स्नेह वाढतो, तो वर्गांत वाढत नाहीं. परंतु सहलीनें शहर पाहून होतें, हा समज आम्हांस मान्य नाहीं. शिक्षकांचें लक्ष मुलें मोजण्यांत, मुलांचें लक्ष फराळांत. मग इमारतीकडे पाहावयाचें कोणीं? म्हणून आमचें मत असें कीं, वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यानें वर्षांतून एक दिवस एखादें जुनें शहर एकट्यानें व सावकाश पाहावें. त्यासाठीं जुन्या गोव्याहून योग्य ठिकाण आपल्या बाजूस क्वचितच सांपडेल.

से कॅथीड्रलचेंच उदाहरण घ्या. आल्फान्सो द आल्बुकर्कनें २५ नोव्हेंबर १५१० रोजीं, संत कॅथरीनच्या सणाच्या दिवशीं, गोवें जिंकलें. म्हणून हें मंदिर त्या संतिणीच्या नांवें आहे. बांधकाम १५६२ सालीं सुरू झालें आणि मुख्य इमारत १६१९ मध्यें पुरी झाली. सहलींतील मुलगा दहा मिनिटांत "केवढें मोठें!" म्हणून बाहेर पडतो. पटांगणाच्या कडेला निवांत बसलेल्यास मात्र दिसतें कीं, घंटेचा मनोरा एकाच बाजूस आहे. दुसरा १७७६ सालीं कोसळला, तो पुन्हां उभा राहिला नाहीं. कां बरें? साथींच्या रोगांनीं तोंपर्यंत शहर ओस पडत चाललें होतें. १८४३ सालीं राजधानीचा मानहि पणजीस गेला. नसलेला मनोरा असा सगळ्या शहराची कथा सांगतो.

रस्त्यापलीकडे बॉम जेझसचें मंदिर आहे, कोंकणांतील घरांना असतो त्याच जांभ्या दगडाचें. आंत संत फ्रान्सिस झेवियर यांची समाधि. तिचा संगमरवरी चबुतरा फ्लॉरेन्सच्या शिल्पकारानें घडविला व तो १६९८ सालीं येथें बसविला. वरची चांदीची पेटी १६३७ सालची, गोव्याच्याच कारागिरांच्या हातची. रांगेंत ढकलला जाणारा हे दोन हात निराळे ओळखणार तरी कसे?

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती अवघड आहे. याच शहरांत १५५६ सालीं, संत पॉलच्या विद्यालयांत, हिंदुस्थानांतील पहिला छापखाना चालूं झाला. याच राज्यांत, रायतूर येथें, थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याचें मराठी 'ख्रिस्तपुराण' १६१६ सालीं छापलें गेलें. आणि याच शहरांत, कॅथीड्रलजवळच्या चौकांत, धर्मन्यायालय बसत असे. तें १५६० सालीं सुरू झालें व १८१२ सालीं कायमचें बंद झालें. मधल्या काळांत पुष्कळांनीं त्याच्या हातून छळ सोसला. विद्यालयाची आज केवळ कमान उरली आहे; न्यायालयाची इमारत तर नाहींशीच झाली. घोळक्यांत असलें म्हणजे कोणीतरी सगळें सोनेरी म्हणतो, कोणीतरी सगळें काळें म्हणतो, आणि आपण मान डोलावतों. एकट्यास मान डोलावण्याची सोय नसते. ज्ञान देणारे व छळ करणारे एकाच सत्तेच्या छायेखालीं कसे नांदले, हा प्रश्न त्याला स्वतःच उचलावा लागतो. इतिहासाचा खरा अभ्यास आम्ही यालाच म्हणतों.

पालक विचारतील, मुलांना एकटें कसें सोडावें? ही काळजी योग्यच आहे. परंतु एकटा म्हणजे बेवारशी नव्हे. पणजीहून जुन्या गोव्यास बस अर्ध्या तासाच्या आंतबाहेर पोंचते. दिवसाउजेडीं जावें, परतण्याची वेळ घरीं सांगून ठेवावी, डबा व पाणी जवळ असावें, आणि मोबाइल अडचणीपुरता पिशवींत असावा. सोळा वर्षांच्या मुलास इतका विश्वास दाखवावयास हरकत नसावी, आणि हाच हक्क मुलीसहि असावा. उद्यां शिक्षणासाठीं परगांवीं एकटें राहावयाचें आहेच. त्याची संवय एका शांत दिवसानें लागली तर बरेंच.

मूल परत आलें म्हणजे किती मंदिरें पाहिलीं, हें विचारूं नये. काय समजलें नाहीं तें विचारावें, आणि त्याचें उत्तर शोधावयास त्याला ग्रंथालयांत पाठवावें.