क्वांटमचे सहा हजार कोटी आणि नांदुऱ्याचा बीएस्सीवाला

नांदुरा : बीएस्सी फिजिक्स झालेल्या पोराला आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मग आता बी.एड. की पोलीस भरती?" या दोन रस्त्यांना तिसरा फाटा फुटलाय, आणि गेल्या काही वर्षांत तो बराच रुंदही झालाय. पण तालुक्यापर्यंत त्याची खबर येते ती बहुतेक वेळा फॉर्मची तारीख निघून गेल्यावर.

केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ एप्रिल २०२३ रोजी राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं. रक्कम ६००३ कोटी ६५ लाख रुपये, मुदत २०२३-२४ ते २०३०-३१. देशात चार मुख्य केंद्रं ठरली : बेंगळुरूची आयआयएस्सी, आयआयटी मद्रास, आयआयटी दिल्ली आणि आपल्या राज्यातली पवईची आयआयटी मुंबई. पवईकडे विषय आलाय सेन्सिंगचा, म्हणजे अतिबारीक मोजमापाचा.

आता क्वांटम म्हणजे काय भाऊ? अणू आणि इलेक्ट्रॉन ज्या नियमांनी वागतात, ते नियम. लांबचं वाटतं ना? मग शेताची मोजणी करायला येणारा रोव्हर आठवा. तो उपग्रहांच्या सिग्नलवर चालतो आणि त्या उपग्रहांत अणुघड्याळं असतात. घड्याळ सेकंदाच्या एक अब्जांश भागानं चुकलं, तर अंतर फूटभर हलतं. फूटभर धुऱ्यावरून आपल्याकडे कोर्टात किती तारखा पडतात, ते वेगळं सांगायला नको. असली घड्याळं, असले सेन्सर देशातच बनवायचे, हे या मिशनचं एक काम आहे.

दुसरं उदाहरण वाशिमच्या पलीकडचं. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया प्रकल्प उभा राहतोय. त्यालाही एप्रिल २०२३ मध्येच मंजुरी मिळाली, खर्च सुमारे २६०० कोटी. चार-चार किलोमीटरच्या दोन काटकोनी नळ्या, आत हवा जवळजवळ नाहीच, आणि लेझरनं मोजायचा बदल अणूच्या गाभ्यापेक्षाही हजारो पटींनी बारीक. इथे फक्त पीएच.डी.वाले लागत नाहीत. व्हॅक्युम पंप, वेल्डिंग, इलेक्ट्रॉनिक्स, कूलिंग यात हात बसलेली माणसंही लागतात. आयटीआय आणि डिप्लोमावाल्या पोरांनी या प्रकल्पाच्या जाहिरातींवर लक्ष ठेवायला हरकत नाही.

आता हिशोबाची गोष्ट. मिशन मार्च २०३१ ला संपतं. आज बारावीत असलेलं पोरगं पाच वर्षांचा कोर्स करून बाहेर पडेल, तेव्हा मिशनची मुदत संपलेली किंवा संपत आलेली असेल. म्हणून या पैशातून निघणाऱ्या प्रकल्पांच्या जागा खऱ्या अर्थानं कुणाच्या? तर आज बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला, एमएस्सीला किंवा इंजिनीअरिंगला असलेल्यांच्या. बारावीवाल्यानं मिशनकडे न पाहता विषयाकडे पाहावं. त्याच्यासाठी पुण्याच्या आयसरसारख्या संस्थांची आयएटी ही परीक्षा आहे. त्यात फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायो, चारही विषयांचे प्रश्न येतात. नीट-सीईटीचा अभ्यास चालूच असतो, मग ही परीक्षा का नाही द्यायची?

बीएस्सीवाल्यासाठी 'जॅम' आहे. त्यातून आयआयटीत एमएस्सीला जाता येतं. मुंबईच्या टीआयएफआरची परीक्षा वेगळी. पुढे नेट-जेआरएफ निघाली, तर पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार आणि नंतर ४२ हजार रुपये, घरभाडं वेगळं. "तिशीपर्यंत शिकतच राहणार का?" असं विचारणाऱ्या घरच्यांना हा आकडा दाखवा. सारथी, बार्टी, महाज्योतीच्याही पीएच.डी. फेलोशिप आहेत, पण त्यांच्यासाठी पोरांना रस्त्यावर बसावं लागलंय, तेव्हा सगळी भिस्त त्यावर ठेवू नका.

रस्ता सोपा आहे असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं जातात, कायमच्या जागा मोजक्या, आणि जॅमचा पेपर इंग्रजीतच. मराठीतून शिकलेल्याला पहिलं वर्ष जड जातं. गणित कच्चं असेल तर ते आधी पक्कं करावं लागतं.

त्यात आता मोबाईलवर "तीन महिन्यांत क्वांटम एक्सपर्ट" अशा जाहिराती सुरू झाल्यात. पंधरा-वीस हजार भरून मिळणाऱ्या असल्या सर्टिफिकेटवर पवईला कुणी दार उघडणार नाही. शिकायचंच असेल तर एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची लेक्चरं फुकट आहेत. पैसे लागतात ते फक्त परीक्षा द्यायची असेल तर.

नांदुरा, मलकापूर, खामगावच्या कॉलेजांनी निदान तारखांचा एक कागद नोटीस बोर्डावर लावावा, त्याला अनुदान लागत नाही. जॅमचे फॉर्म साधारण सप्टेंबरात सुटतात, आपल्याकडे सोयाबीन काढणीची घाई असते तेव्हा. टीआयएफआरची परीक्षा साधारण डिसेंबरात येते, आयएटीचे फॉर्म बारावीच्या पेपरांच्या आगेमागे. नेमक्या तारखा त्या-त्या संस्थेच्या वेबसाईटवरच बघा, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फोटोत नाही.