चाके काढलेले घर

अमेरिकेतल्या ‘मोबाईल होम’चा चाकांशी संबंध एका प्रवासापुरताच. कारखान्यात तयार झालेले घर ट्रकला जोडून अशा घरांच्या वसाहतीत, म्हणजे पार्कमध्ये, आणायचे, सिमेंटच्या ठोकळ्यांवर टेकवायचे, चाके काढून टाकायची आणि खालची पोकळी पत्र्याने झाकायची. मग नळ, वीज, सांडपाण्याची जोडणी होते, दाराशी लाकडी पायऱ्या येतात, पायऱ्यांवर कुंड्या. हेच घर पुढे हलवायचे म्हटले, तर पाच-दहा हजार डॉलर सहज लागतात. त्यात ते १९७६च्या केंद्रीय मानकांआधीचे असेल, तर अनेक पार्क त्याला जागाच देत नाहीत.

घर रहिवाशाचे, जमीन पार्कमालकाची. सगळी मेख इथे आहे.

अशा कारखानी घरांत सुमारे दोन कोटी अमेरिकी राहतात आणि त्यांतले बरेच जण जागेचे भाडे भरतात. भाडे वाढले तर साधा भाडेकरू बोचकी बांधून निघू शकतो. स्वतःचे घर असलेल्या या माणसाला तेही जमत नाही. पार्कच्या धंद्यातले बडे गुंतवणूकदार फ्रँक रॉल्फ यांनी या व्यवसायाला गिऱ्हाइके बाकांना साखळीने बांधलेल्या उपाहारगृहाची उपमा दिली होती. टीकाकारांना याहून चांगली सुचली नसती!

गोव्याच्या वाचकाला हे दुखणे नवे नाही. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जागेवर राहणाऱ्या मुंडकाराला हुसकावून लावता येऊ नये, म्हणून तिथे १९७५मध्ये कायदा करावा लागला आणि त्यात घर विकत घेण्याचा हक्कही आला. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्याने वेगळी वाट धरली. तिथल्या मेरेडिथमध्ये १९८४ साली मोजक्या कुटुंबांनी कर्ज काढून आपले पार्कच सहकारी तत्त्वावर विकत घेतले. आज त्या राज्यात अशी शंभरावर पार्क आहेत, आणि मालकाला पार्क विकायचे असेल तर रहिवाशांना साठ दिवस आधी कळवावे लागते. बहुतेक राज्ये मात्र या वाटेवर अजून फार पुढे गेलेली नाहीत.

या मोठ्या दुखण्यापुढे अनामत रक्कम किरकोळ वाटेल. पण कायदा कुणाच्या बाजूने झुकतो, ते तिच्यातच नेमके दिसते. कॅलिफोर्नियाच्या मोबाईल होम कायद्याचे ७९८.३९ हे कलम वाचताना सुखद धक्का बसतो. पार्कने अनामत घ्यायची ती राहायला येतानाच, दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त नाही, नंतर वाढवून मागायची नाही. शिवाय रहिवाशाने सलग बारा महिने भाडे आणि इतर आकार वेळेवर भरले, की ती रक्कम तीस दिवसांत परत. पार्क सोडायची वाट पाहायला नको!

पार्कच्याच मालकीच्या घरात भाड्याने राहणाऱ्याला हे कलम लागू नाही. त्याच्यासाठी सर्वसाधारण भाडेकायदा आहे: घर सोडल्यावर एकवीस दिवसांत पैसे परत किंवा कपातीचा तपशीलवार हिशेब. नेहमीच्या वापराने गालिचा विटला, तर त्याचे पैसे कापता येत नाहीत. मालकाने पैसे बेइमानीने दाबून ठेवले, तर न्यायालय अनामतीच्या दुपटीपर्यंत दंड ठोठावू शकते. घर ताब्यात घेताना आणि सोडताना काढलेले फोटो इथे कामी येतात. एकाच गल्लीतल्या दोन शेजाऱ्यांना दोन वेगळे कायदे, त्यामुळे आपल्याला कोणता लागू, इथूनच घोळ सुरू होतो.

आणि त्या सुखद कलमातही एक पाचर आहे: रहिवाशाने ‘लेखी मागणी’ केली तरच पैसे परत. ज्याला कलम ठाऊक नाही, तो मागणी करणार कशी? रहिवाशाने बारा महिने भाडे वेळेवर भरले की नाही, याची नोंद पार्कच्या कार्यालयात असतेच. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने कलमातले हे दोन शब्द काढून टाकावेत.