बेसमेंटखालचा खडक

घर घेताना शाळा, स्टेशन आणि मालमत्ता कर यांची चौकशी आपण खोदून खोदून करतो. घराखाली खडक कोणता आहे, हे मात्र कुणी विचारत नाही. न्यू जर्सीत ते विचारायला हवं. खडकातल्या युरेनियमपासून कालांतराने रेडियम तयार होतं आणि रेडियमपासून रेडॉन हा वायू. त्याला रंग नाही, वास नाही. त्याचं अर्धं आयुष्य जेमतेम ३.८ दिवसांचं, पण भेगांमधून वर येऊन बेसमेंटमध्ये शिरायला तेवढा अवधी पुरतो. श्वासाबरोबर आत गेलेला वायू बहुतांशी तसाच बाहेर पडतो. त्रास देतात ते त्याच्यापासून तयार होणारे पोलोनियमचे कण. ते धुळीला चिकटतात आणि फुप्फुसात जाऊन बसतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजानुसार या देशात वर्षाला सुमारे २१,००० माणसं रेडॉनमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या कर्करोगाने दगावतात. तरीही हा विषय निघाला की आपल्यापैकी बरेच जण रेडॉनच्या नकाशात आपलं गाव शोधतात, ते लाल रंगात दिसलं नाही की निश्चिंत होतात. ही निश्चिंती चुकीची आहे, एवढंच या संपादकीयाचं म्हणणं.

रेडॉनकडे अमेरिकेचं लक्ष गेलं ते शेजारच्या पेनसिल्व्हेनियातून. डिसेंबर १९८४ मध्ये लिमरिक अणुवीज प्रकल्पावरचे अभियंते स्टॅनली वॉट्रास कामावर आत शिरतानाच किरणोत्साराची घंटा वाजवू लागले. म्हणजे कण प्रकल्पातून घरी जात नव्हते, घरून प्रकल्पात येत होते. बॉयरटाउनजवळच्या त्यांच्या घरात हवेच्या दर लिटरमागे सुमारे २,७०० पिकोक्युरी रेडॉन निघाला. ४ पिकोक्युरीला उपाय करा, असं सरकार सांगतं. हे घर ‘रीडिंग प्रॉन्ग’वर होतं. रीडिंगपासून उत्तर न्यू जर्सीचा डोंगराळ भाग ओलांडून न्यूयॉर्ककडे गेलेला हा अतिप्राचीन नाइस आणि ग्रॅनाइटचा पट्टा. पण खरी शिकवण पुढेच आहे: जवळपासच्या काही घरांत प्रमाण अगदी साधारण होतं. भूवैज्ञानिकांनी कारण शोधलं, तेव्हा या भागात खडक दाबाने घासून चुरडले गेलेले अरुंद पट्टे सापडले. त्यांत युरेनियम साठलेलं आणि वायूला वाटही मोकळी. असा पट्टा एका घराखालून जातो आणि शेजारच्या घराला चुकवतो. कोणत्याही गावाच्या नकाशात तो मावत नाही.

बरं, ग्रॅनाइट नसला म्हणजे सुटलो, असंही नाही. १९८६ मध्ये हंटरडन काउंटीतल्या क्लिंटनमध्ये एका वसाहतीत घरामागून घर मर्यादेबाहेर निघालं, आणि तिथे खाली होता चुनखडक. मर्सर आणि हंटरडनमध्ये प्राचीन तळ्यांच्या गाळाचे काळे थर आहेत. सेंद्रिय द्रव्याबरोबर त्यांत युरेनियमही जमलेलं आहे. उलट वॉचुंगच्या टेकड्यांचा बेसाल्ट युरेनियमच्या बाबतीत गरीब. महाराष्ट्राचा बराच मोठा भाग याच जातीच्या काळ्या पाषाणावर वसला आहे, शिवाय तिथल्या घरांना बेसमेंट नसतं आणि खिडक्या वर्षभर उघड्या. तेव्हा आपल्या घरात रेडॉनचं नाव कधी कानावर पडलं नाही, यात नवल नाही. न्यू जर्सी राज्याने गावांच्या तीन श्रेणी केल्या आहेत खऱ्या, पण त्यांची व्याख्या वाचावी: तपासलेल्या घरांपैकी २५ टक्के किंवा अधिक घरं ४ पिकोक्युरीवर असली, की गाव पहिल्या श्रेणीत जातं. दुसऱ्या श्रेणीतही मर्यादेबाहेरच्या घरांचं प्रमाण पाच टक्क्यांपासून जवळजवळ पंचवीस टक्क्यांपर्यंत असू शकतं. ही श्रेणी बांधकामाचे नियम ठरवणाऱ्या सरकारच्या कामाची आहे. तुमच्या बेसमेंटबद्दल ती काहीच सांगत नाही.

‘हा सगळा पंखे बसवणाऱ्यांचा धंदा आहे,’ हा आक्षेप नेहमीचा, आणि तो अगदीच निराधार नाही. सुरुवातीचे अंदाज खाणकामगारांवरून काढले होते, आणि खाण म्हणजे घर नव्हे. पिट्सबर्गचे भौतिकशास्त्रज्ञ बर्नार्ड कोहेन यांनी १९९५ मध्ये सुमारे १,६०० काउंट्यांचे आकडे मांडून दाखवलं, की जिथे रेडॉन जास्त तिथे फुप्फुसाचा कर्करोग कमी! पण काउंटीच्या सरासरीवरून कोण किती सिगारेटी ओढत होतं आणि कोण कोणत्या घरात राहत होतं, हे कळत नाही. नकाशाचीच खोट इथे आकडेवारीत शिरली. २००५ मध्ये युरोपातल्या नऊ देशांच्या १३ अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष आला. त्यात ७,००० हून अधिक रुग्णांच्या प्रत्यक्ष घरांतली मोजमापं होती, धूम्रपानाचा हिशेबही धरला होता. दर १०० बेकरेल प्रति घनमीटर, म्हणजे २.७ पिकोक्युरीमागे, धोका सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो, असं त्यातून दिसलं. धूम्रपान न करणाऱ्याचा मूळ धोका फार लहान, त्यामुळे वाढही लहान. ओढणाऱ्याच्या बाबतीत तीच वाढ भारी पडते. घबराटीचं कारण नाही, पण दुर्लक्षाचंही नाही.

‘आमचं घर नवं, अगदी हवाबंद आहे,’ असं सांगणाऱ्यांनी जरा उलटा विचार करावा. थंडीत गरम हवा वर चढून निघून जाते आणि तिची जागा भरायला जमिनीतली हवा फरशी आणि भिंतीच्या सांध्यातून, सम्प पंपाच्या खड्ड्यातून वर ओढली जाते. त्याच दिवसांत खिडक्या बंद, मुलांचा तबल्याचा रियाज बेसमेंटमध्ये, ऑफिसचं टेबल तिथेच आणि एकांकिकेच्या तालमीही तिथेच. वरच्या मजल्यावरच्या अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांना ही चिंता बहुधा नको. बाकीच्यांना कोळशाची चपटी डबी पुरते. आधी बारा तास दारं-खिडक्या बंद ठेवाव्यात. मग वापरातल्या सर्वांत खालच्या मजल्यावर, भिंतीपासून आणि सम्पपासून दूर, दोन ते चार दिवस डबी उघडी ठेवावी. आकडा मोठा आला तर आणखी एक चाचणी, आणि तोही तसाच आला तर फरशीखालून हवा ओढून छपरावर सोडणारा पाइप आणि पंखा. त्याचा खर्च बहुतेक घरांत दीड-दोन हजार डॉलरच्या आसपास येतो. आणि चाचणीची मुदत संपली की डबी बंद करून त्याच दिवशी प्रयोगशाळेकडे रवाना करावी. कोळशाने धरलेला रेडॉन चार दिवसांत निम्म्यावर येतो, आणि पाकीट आठवडाभर टेबलावर पडून राहिलं तर मोजायला फारसं काही उरत नाही.