गृहव्यवस्था : नित्य, नैमित्तिक आणि काम्य

"दिवसभर उभी असते, तरी काम म्हणून उरकत नाही," हे वाक्य ज्या घरी कधीच ऐकू येत नाही असे घर विरळा. विशेष हे की, हे शब्द आळशी स्त्रीच्या तोंडी सहसा येत नाहीत. जी पहाटे उठते, जिच्या हाताला उरक आहे, जिच्या घरी दोन वेळा दहा-बारा पाने वाढली जातात, तीच ते बोलते. तेव्हा दोष तिच्या हाताचा नव्हे. मग तो कशाचा, याचा विचार या महिन्यात करण्याचे आम्ही योजिले आहे.

घरकाम यंत्रांनी हलके केले आहे, ही समजूत सर्वत्र दृढ आहे. जाते गेले, पाटा-वरवंटा अडगळीत पडला, चुलीचा धूर गेला, आडाचे पाणी शेंदणे संपले, हे सर्व खरे. परंतु केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली लोकांच्या वेळेची जी पाहणी केली, तीत असे आढळले की, घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे, म्हणजे सुमारे पाच तास खर्च होतात. २०२४ च्या पाहणीत हाच आकडा २८९ वर आला. पाच वर्षांत दहा मिनिटे वाचली! अमेरिकेतील इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवान यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या कोड्याचा उलगडा केला आहे. यंत्रांनी जी कामे नाहीशी केली, त्यांतील पुष्कळशी पुरुष, मुले आणि नोकर यांची होती. गृहिणीची कामे तिच्याकडेच राहिली आणि वर स्वच्छतेच्या व रुचीच्या अपेक्षा मात्र वाढत गेल्या. आपल्याकडेही निराळे काय घडले? पाणी भरणारा गडी गेला, लाकडे फोडणारा गेला, दळण-कांडणाला हात लावणाऱ्या चार आत्या-मावश्या गेल्या. आणि त्यांच्या मागे जी एक सून उरली, ती दहा वाजता कचेरीतही जाते.

आपल्या शास्त्रकारांनी कर्माचे नित्य, नैमित्तिक आणि काम्य असे तीन भेद सांगितले आहेत. नित्य म्हणजे जे रोज करावयाचे आणि न केल्यास दोष लागावयाचा. नैमित्तिक म्हणजे निमित्त उत्पन्न झाले असता करावयाचे. काम्य म्हणजे फलाची इच्छा असेल तर करावयाचे. ते न केल्याने दोष लागत नाही. हा विवेक देवघरात जितका उपयोगी, तितकाच स्वयंपाकघरात. गृहिणीच्या मनावर जे दडपण येते, ते कामाच्या राशीपेक्षा या तीन जातींच्या सरमिसळीने अधिक येते, असे आमचे मत आहे. काम्य नित्याच्या वेषात रोज दारी उभे राहते आणि नैमित्तिक दर वेळी अकस्मात आल्यासारखे वाटते, तेथे घाबरगुंडी उडायचीच.

प्रथम नित्याकडे पाहू. नित्यकर्माचा सर्वांत मोठा शीण हातांना नसून डोक्याला असतो. "आज भाजी कोणती?" हा प्रश्न वर्षातून तीनशे पासष्ट वेळा, आणि तोही चहाचे आधण उकळत असता, एकाच स्त्रीने सोडवावयाचा, यात श्रम आहेत; मात्र ते कोणाच्या डोळ्यांस दिसत नाहीत. यास्तव हा प्रश्न आठवड्यातून एकदाच सोडवावा. रविवारी दुपारी घरातील दोघा-चौघांनी बसून सात दिवसांची भाजी, आमटी आणि उसळ ठरवावी व तो कागद कपाटाच्या दाराला आतून लावावा. सोमवार-चतुर्थीचे उपास, कोणाचा पथ्याचा दिवस, कोणास लवकर डबा, हे त्यातच लिहावे. ठरलेले बदलता येणार नाही असे मुळीच नाही. परंतु बदलण्यासाठी आधी काहीतरी ठरलेले असावे लागते.

कडधान्य तर आदल्या रात्रीच्या विचारावाचून होतच नाही. हरभरे, राजमा, वाल यांस आठ तास भिजवण पाहिजे. मटकी-मुगास मोड आणावयाचे तर भिजवून, उपसून, फडक्यात बांधून आणखी एक रात्र. म्हणजे बुधवारच्या उसळीचा आरंभ सोमवारी रात्री होतो. ज्या घरी तो कागद आहे त्या घरी हे आपोआप घडते. नाही तेथे बटाटा धावून येतो.

सकाळच्या घाईत क्रमालाही महत्त्व आहे. ज्या कामास आपली गरज नाही ते आधी लावावे, हे सूत्र ध्यानात ठेवण्याजोगे आहे. कुकर आधी चढवावा. तो आपला आपण शिजतो. दाबाच्या कुकरात पाणी शंभराऐवजी सुमारे एकशेवीस अंशांवर उकळते, म्हणून डाळ लवकर शिजते. परंतु चिंच-आमसूल तीत आधीच टाकल्यास आंबटपणामुळे डाळ मऊ होण्यास विलंब लागतो, यास्तव आंबट नेहमी शिजल्यावर घालावे. एकावर एक डबे ठेवून वरण, भात आणि भाजी एकाच वाफेवर शिजविण्याची कल्पना जुनीच आहे. कलकत्त्याचे डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० साली काढलेला इकमिक कुकर याच युक्तीवर चालत असे. कुकर लावला की कणीक भिजवून झाकावी, म्हणजे ती तिंबेपर्यंत भाजी चिरून फोडणीस पडते, पोळ्या शेवटी. कणीक शेवटी भिजविणारीस ती मुरण्याची वाट पाहत तरी बसावे लागते किंवा चिवट पोळ्या तरी लाटाव्या लागतात.

वस्तूंच्या जागेचेही तसेच. जर्मनीत १९२६ साली मार्गारेटे श्युट्टे-लिहोट्स्की या स्त्री-शिल्पज्ञाने फ्रँकफुर्ट शहरातील नव्या वसाहतींसाठी सुमारे साडेसहा चौरस मीटरांचे स्वयंपाकघर आखले. आखण्यापूर्वी कोणत्या कामास किती वेळ व किती पावले लागतात, याचा हिशेब तिने पाहिला होता. आपली घरे पाडून बांधण्याचे कारण नाही. परंतु मिसळणाचा डबा, तेलाची बुधली, सांडशी, झारा आणि उलथणे शेगडीपाशी हाताच्या अंतरावर आहेत की प्रत्येक फोडणीस चार पावले चालावी लागतात, एवढे एक दिवस मोजून पाहण्यास काय हरकत आहे?

उरलेल्या अन्नाविषयी एक सूचना नित्यातच करून ठेवतो. फोडणीचा भात आणि फोडणीची पोळी हे आपल्या गृहिणींच्या काटकसरीचे भूषण आहे. तथापि भातातील काही जंतूंची बीजे शिजविल्यानेही मरत नाहीत आणि भात कोमट राहिल्यास ती वाढतात. म्हणून सकाळचा भात संध्याकाळपर्यंत ओट्यावर न ठेवता, पसरून निववावा, दोन तासांच्या आत शीतकपाटात ठेवावा आणि पुन्हा खाताना पुरता वाफाळेल असा तापवावा.

आता नैमित्तिक. पाहुणा आणि आजारपण ही सांगून येत नाहीत, हे मान्य. परंतु गौरी-गणपती, पितृपक्ष, नवरात्र, दिवाळी यांच्या तिथी पंचांगात वर्षभर आधी छापलेल्या असतात. असे असता दर भाद्रपदात घरात जी धांदल उडते, तिला आकस्मिक कसे म्हणावे? जे साठविता येते ते चैत्र-वैशाखाच्या उन्हात करून ठेवावे : मेतकूट, गोडा मसाला, पापड, सांडगे, कुरडया. मोदकांची पिठी आठवडाभर आधी होते. सारण आदल्या दिवशी करून शीतकपाटात राहते. उकड तेवढी ताजी पाहिजे. पुरणही आदल्या दिवशी वाटून ठेवता येते. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे एक वही. कोणत्या सणास किती पाने झाली, किती डाळ व किती गूळ लागला, काय उरले आणि काय कमी पडले, हे त्याच रात्री चार ओळींत लिहून ठेवावे. पूर्वी हे ज्ञान सासूच्या स्मरणात असे आणि तिच्याबरोबर जाई. लक्ष्मीबाई धुरंधरांनी १९१० साली 'गृहिणीमित्र' लिहून हजार पाकक्रिया सर्वांस खुल्या केल्या. परंतु आपल्या घरच्या पंगतीचे प्रमाण आपल्यालाच लिहिले पाहिजे.

खरा प्रश्न आहे तो काम्याचा, आणि येथे थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. दोन भाज्या, दोन कोशिंबिरी, रोजची ताजी चटणी, आणि जेवणारा पानावर बसल्यावर तव्यावरून थेट पानात पडणारी पोळी, ही सुखे आहेत यात शंका नाही. परंतु ती काम्य होत. ज्याला इच्छा असेल त्याने ती करावी. आपल्याकडे इच्छा एकाची आणि कर्म दुसरीचे, असा प्रकार होऊन बसला आहे. गरम पोळीच्या हौसेपायी घरातील एक स्त्री रोज सर्वांच्या मागून, निवलेल्या आमटीशी, उरेल ते जेवते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) आपल्या देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांच्या अंगी रक्त कमी असल्याचे आढळले. त्याची कारणे अनेक आहेत आणि सुशिक्षित घरे त्यांतून सर्वस्वी मुक्त आहेत असे समजण्याचे कारण नाही. शेवटी बसणारीच्या वाटीत उसळ किती उरते, हे कधी तरी वाकून पाहावे. पोळ्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवल्या तर त्या अर्धा तास मऊ राहतात. तेवढ्या अर्ध्या तासासाठी सर्वांनी एका पंगतीस बसावे. जिने रांधले तिचे पानही त्याच पंगतीत असावे. हा एक नियम झाला तरी घराची कळा पालटेल.

काम वाटून घेण्याविषयी पुष्कळ बोलले जाते, परंतु तेथे 'मदत' हा शब्द घात करतो. मदत म्हटली की काम दुसऱ्याचे ठरते आणि मदत मागण्याचे एक जास्तीचे काम तिच्या माथी येते. यास्तव काम तोडून देऊ नये, सबंध द्यावे. दूध ज्याच्याकडे, त्याने ते आणावे, तापवावे, साय काढावी, विरजण लावावे आणि भांडेही विसळावे. दूध संपले हे त्यालाच कळले पाहिजे. आजोबांकडे वाणसामानाची यादी व भाजी निवडणे, मुलांकडे पाने-पाणी घेणे व वाळलेले कपडे घडी करणे, नोकरीच्या घरी संध्याकाळचा कुकर जो आधी घरी येईल त्याच्याकडे. घरकामास बाई येत असल्यास तिचा सुटीचा दिवसही त्या कागदावर आधीच लिहिलेला असावा. तिने रजा घेणे हे संकट नव्हे, तिचा हक्क आहे.

पुरुषांस हे जमत नाही, असे म्हणणाऱ्यांनी आपल्याच घराण्याचा इतिहास आठवावा. ज्या दिवसांत स्त्रिया बाजूला बसत, त्या दिवसांत कित्येक घरी सोवळे नेसून आजोबाच भात-पिठले करीत. शिक्षणासाठी परगावी राहिलेले विद्यार्थी खोलीवर हाताने रांधून शिकले. लग्नामुंजीच्या शेदोनशे पानांचा स्वयंपाक तर आचारीच करीत आले. त्या बाजूला बसण्याच्या रूढीचे आम्ही मुळीच समर्थन करीत नाही. परंतु तीमुळे पुरुषाच्या हाती जो झारा येत असे, तो रूढीबरोबर गळून पडावा हे नवलच. वर सांगितलेल्या २०१९ च्या पाहणीत घरकामास हात लावणाऱ्या स्त्रिया शंभरांत एक्याऐंशी, तर पुरुष शंभरांत सव्वीस निघाले.

वडीलधाऱ्या स्त्रियांस आमची एक विनंती आहे. काम्य सोडण्याची परवानगी सून स्वतः घेऊ शकत नाही. ती सासूबाईंनी द्यावी लागते. "आज एकच भाजी पुरे, तू बस," हे चार-पाच शब्द ज्या सासूबाई मोकळ्या मनाने बोलतात, त्या कोणत्याही यंत्रापेक्षा अधिक काम हलके करतात. आणि त्याच शब्दांचा लाभ त्यांनी स्वतःही घ्यावा. साठी उलटल्यावरही पहाटेपासून ओट्याशी उभे राहण्याचे व्रत कोणत्याही पोथीत सांगितलेले नाही.

शेवटी, कामास जसा आरंभ असतो तसा शेवटही असावा. रात्री कडधान्य भिजले, विरजण लागले, ओटा पुसला, उद्याच्या ओळीवर नजर गेली, की स्वयंपाकघराचा दिवा मालवावा. त्यानंतर कोणी चहा मागितल्यास त्याने तो आपल्या हाताने करून घ्यावा आणि भांडे घासून ठेवावे.

पुढील अंकी वर्षाच्या बेगमीविषयी, म्हणजे कोणता जिन्नस किती व केव्हा भरावा याविषयी, लिहिण्याचा आमचा विचार आहे.