कृषी पदवीधर : गौरव आणि हिशेब

स्पर्धा परीक्षांचे निकाल लागले की देगलूर, बिलोली, मुखेड या सीमाभागातील तालुक्यांतून सत्कारांचा हंगाम सुरू होतो. बसस्थानकासमोर फलक लागतो, वेशीपासून मिरवणूक निघते, फेटा, शाल आणि श्रीफळ यांची सिद्धता होते आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात चार ओळी छापून येतात. अमुक गावच्या कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा, परभणीच्या किंवा लातूरच्या कृषी महाविद्यालयाचा विद्यार्थी, अमुक पदावर निवडला गेला. त्या चार ओळींमागे आईची मोडलेली पाटली असते, बापाने काढलेले कर्ज असते आणि परभणीच्या अभ्यासिकेत घालवलेली चार-पाच वर्षे असतात. त्यामुळे या आनंदाला नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही.

तथापि अशा बातम्यांची कात्रणे वर्षभर जपून ठेवली आणि एकापुढे एक मांडली, तर त्यांत एक चमत्कारिक साम्य आढळते. कोणी तहसीलदार झालेला असतो, कोणी फौजदार, कोणी बँकेत अधिकारी, कोणी विक्रीकर निरीक्षक. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यातही पहिल्या रांगेतील खुर्च्या याच मंडळींसाठी राखलेल्या असतात. ज्या विद्येसाठी ते महाविद्यालय निघाले, तिच्याशी संबंध राखून असलेला पदवीधर या यादीत अपवादानेच दिसतो. आणि जो पदवी घेऊन बापाच्या शेतावर परतला, त्याचे नाव तर निमंत्रणपत्रिकेच्या पाकिटापुरतेच उरते. यशाचे मोजमाप नेमके कोणत्या मापाने चालले आहे, हा प्रश्न म्हणूनच विचारावा लागतो.

हे शिक्षण मराठवाड्याला सहजासहजी मिळालेले नाही. परभणीला निजामी अमदानीत, १९१८ साली, प्रयोगशेती सुरू झाली. पण शेतीशास्त्राची पदवी घ्यायची तर देगलूरच्या मुलाला हैदराबाद गाठावे लागे, आणि तेही घरची ऐपत असेल तर. परभणीचे कृषी महाविद्यालय निघाले १९५६ साली, म्हणजे राज्यपुनर्रचनेच्याच वर्षी. कृषी विद्यापीठासाठी मराठवाड्याला आंदोलन करावे लागले. १८ मे १९७२ रोजी ते अस्तित्वात आले, तेव्हा महाराष्ट्र त्या शतकातील एका भीषण दुष्काळाच्या उंबरठ्यावर उभा होता. लातूरचे सरकारी कृषी महाविद्यालय त्यानंतर पंधरा वर्षांनी, १९८७ साली आले. २०१३ साली विद्यापीठाला वसंतराव नाईकांचे नाव देण्यात आले. गावोगावच्या कोरडवाहू शेतीला शास्त्राचा हात मिळावा, हा या सगळ्यामागचा हेतू होता.

तो हेतू विफल झाला असे म्हणणे मात्र कृतघ्नपणाचे होईल. ज्या यशाचे फलक लागत नाहीत, असे यश या संस्थांच्या आणि तेथे शिकून तेथेच राबलेल्या माणसांच्या पदरी भरपूर आहे. भेंडीचेच उदाहरण घ्यावे. साठच्या दशकात ‘पुसा सावनी’ ही भेंडीची जात देशभर गेली. जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांनी आपल्या बियाणे-व्यवसायाचा आरंभ याच जातीपासून केला, १९६४ साली ‘महिको’ कंपनी काढली आणि १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळवला. (बारवाले कृषी पदवीधर नव्हते, हे जाता जाता नमूद करण्याजोगे आहे.) पुढे ही जात पिवळ्या शिरांच्या विषाणुरोगाला बळी पडू लागली. तेव्हा परभणीच्या शास्त्रज्ञांनी भेंडीच्या एका रानटी भाईबंदाशी तिचा संकर केला, आणि पिढ्यान् पिढ्या पारख करून १९८५ च्या सुमारास ‘परभणी क्रांती’ ही रोगाला दाद न देणारी जात बाहेर काढली. ती महाराष्ट्राच्या कितीतरी पलीकडे गेली. भाजीबाजारात ती भेंडी घेणाऱ्या गिऱ्हाइकाला परभणी कोठे आहे हे ठाऊक नसेल. त्या वाफ्यांवर उन्हातान्हात उभे राहून परागकण लावणाऱ्यांची नावे तर खुद्द परभणीतही फारशी कोणी सांगू शकणार नाही.

नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रातून ऐंशीच्या दशकात निघालेल्या ‘एनएचएच-४४’ या संकरित वाणाची कथा अशीच आहे. कोरडवाहू जमिनीत तग धरणारा, किडींच्या माऱ्यातूनही सावरणारा हा वाण शेतकऱ्यांनी विश्वासाने पेरला. २००२ साली देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि चार-सहा हंगामांत बाजार खाजगी कंपन्यांच्या पाकिटांनी व्यापला. सार्वजनिक संशोधनातील वाण गुणांनी मागे पडला असे नव्हे; त्याच्या अंगी ते जनुक नव्हते आणि ते मिळवण्याइतकी चपळाई सरकारी यंत्रणेच्या अंगी नव्हती. ‘महाबीज’च्या साहाय्याने त्याचे बीटी रूप पुढे तयार झाले, पण तोवर दुकानांतील फळ्या भरून गेल्या होत्या. बदनापूरची ‘बीडीएन-७११’ तूर, परभणीचे ‘एमएयूएस-७१’ सोयाबीन, रब्बीची ‘परभणी मोती’ ज्वारी ही नावे देगलूरच्या मोंढ्यात येणाऱ्या शेतकऱ्याला पाठ असतात. मेळाव्यात कोणाचा सत्कार करावा असा पेच पडला तर या नावांपासून आरंभ करण्यास हरकत नसावी.

आता प्रश्न उरतो तो नव्या पदवीधराचा. तो शेतीकडे का फिरकत नाही, असा ठपका त्याच्यावर ठेवणे फार सोपे असते, आणि ठेवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी स्वतः शेती केव्हाच सोडलेली असते. आकडे पाहिले की त्या मुलाची बाजू ध्यानात येते. १९७०-७१ च्या कृषिगणनेत महाराष्ट्रातील सरासरी वहिवाट ४.२८ हेक्टर होती. २०१५-१६ च्या गणनेत ती १.३४ हेक्टरवर आली. म्हणजे परभणीचे विद्यापीठ निघाले तेव्हा पदवीधर मुलगा सरासरीने दहा-साडेदहा एकरांवर परतला असता, आज तो सव्वातीन एकरांवर परततो, आणि त्यातही भावाचा वाटा असतो. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि मोंढ्यात सौदे चार हजारांच्या आसपास होत होते. पुढच्या वर्षी हमीभाव ५,३२८ झाला, तर ऑगस्ट-सप्टेंबरच्या अतिवृष्टीने मराठवाड्यात उभे पीकच पाण्याखाली गेले. ज्या धंद्यात उत्पन्न पावसावर, भाव आयात-धोरणावर आणि पाणी चार दशके रेंगाळलेल्या लेंडी प्रकल्पावर अवलंबून, त्या धंद्यापेक्षा महिन्याच्या एक तारखेला ठरलेला पगार मुलाने पसंत केला तर अर्थशास्त्र त्याला दोष देऊ शकत नाही. तो आपल्या विद्येशी बेइमानी करीत नाही. बाजाराने त्या विद्येची जी किंमत ठरवली आहे, ती फक्त तो वाचतो.

याच मातीत वेगळी माणसेही निपजली, हे खरे. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे क्रांतिकारक म्हणून परदेशी गेले, अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले आणि पुढे मेक्सिकोतील चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले. मक्याच्या वाणांवर त्यांनी काम केले. पण तेवढ्यावर न थांबता तेथील गरीब शेतकऱ्यांसाठी त्यांनी मोफत शेतीशाळा काढल्या. दिएगो रिवेरा या जगप्रसिद्ध चित्रकाराने आपल्या भित्तिचित्रात त्यांना भाकरी वाटणाऱ्याच्या जागी बसवले. परंतु असामान्य माणसाच्या त्यागावर धोरण उभारता येत नाही. सामान्य पदवीधराने सामान्य स्वार्थ सांभाळून तालुक्याच्या उपयोगी पडावे, अशी काही व्यवस्था आहे काय, एवढेच पाहायचे असते.

अशी एक व्यवस्था देगलूरच्या बाजारपेठेत कोणाच्याही नकळत उभी आहे. तिचे नाव कृषी सेवा केंद्र. शेतकऱ्याच्या पिकावर अळी पडली, पाने पिवळी झाली, की तो विद्यापीठाला पत्र लिहीत नाही आणि तालुका कृषी अधिकाऱ्याच्या कचेरीतही सहसा जात नाही. एक पान खिशात घालून तो दुकानाच्या फळीपुढे उभा राहतो. फळीमागचा माणूस जे सांगेल ते औषध, जे देईल ते खत, आणि पैसे पीक निघाल्यावर. म्हणजे वैद्य, औषधविक्या आणि सावकार या तिन्ही भूमिका एकाच खुर्चीत बसलेल्या असतात. तपासणी फुकट आणि कमाई बाटलीवर; अशा वैद्याने ‘औषध नको, दोन दिवस थांबा’ असे सांगावे तरी कसे? २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. कोणते औषध कशात मिसळू नये, तोंडाला काय बांधावे, वारा कोणत्या दिशेचा असावा, हे त्यांना वेळीच आणि भरवशाने सांगणारे कोणी भेटले नाही.

कीटकनाशक-विक्रीच्या परवान्यासाठी कृषी किंवा रसायनशास्त्रासारख्या विषयाचे शिक्षण आवश्यक करणारा नियम केंद्र सरकारने २०१५ साली केला. जुन्या दुकानदारांसाठी हैदराबादच्या ‘मॅनेज’ संस्थेने आखलेला एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम होताच. नियमाचा हेतू चांगला होता. पण पदवी एकाची आणि गल्ला दुसऱ्याचा, असा व्यवहारही त्यातून सुरू झाला. चार वर्षे शिकलेली विद्या चौकटीत बसवून दुकानाच्या भिंतीवर भाड्याने टांगावी, यापरते तिचे दुर्दैव नाही. याउलट, स्वतः दुकानात बसणारा, शेतावर जाऊन पीक पाहणारा आणि गरज नसेल तेथे बाटली न देणारा पदवीधरही या पट्ट्यात अगदीच विरळा नाही. त्याचा फलक लागत नाही, पण गावाचा पेरा त्याच्या शब्दावर ठरतो. यशस्वी माजी विद्यार्थ्यांच्या यादीत त्याचे नाव नसेल तर ती यादी अपुरी आहे.

देगलूरहून हैदराबादच्या रस्त्याने निघाले की थोड्याच अंतरावर मदनूर लागते आणि राज्य बदलते. माती तीच, पिके बरीचशी तीच, माणसे दोन्हीकडे मराठी-तेलुगू सरमिसळ बोलणारी. तेलंगणाने सुमारे पाच हजार एकरांमागे एक कृषी विस्तार अधिकारी असे गणित बांधले, त्यासाठी शेतीचे शिक्षण घेतलेली मुले-मुली नेमली आणि त्यांना बसण्यासाठी राज्यभर सुमारे २,६०० ‘रयतु वेदिका’ उभारल्या. त्या इमारतींतून प्रत्यक्ष काम किती होते याविषयी तेथेही तक्रारी आहेत, आणि इमारत म्हणजे सल्ला नव्हे. तरीही त्या पदवीधराला सरकारने शेतकऱ्याजवळ जाण्याचा पगार दिला. अलीकडच्या बाजूला एका कृषी सहायकाने अनेक गावे सांभाळायची, पंचनामे करायचे, योजनांचे अर्ज भरायचे, पीकविम्याच्या तक्रारी ऐकायच्या. पिकाकडे पाहण्यास त्याला सवड मिळावी कोठून?

सरकारने जागा वाढवाव्यात ही मागणी रास्तच आहे. तिच्यासाठी मोर्चे निघतील, निवेदने जातील. पण सर्व काही सरकारच्या दारी टांगून ठेवण्याची या तालुक्याची परंपरा नाही. देगलूरचे महाविद्यालय अडत व्यापाऱ्यांच्या शिक्षण संस्थेने काढले, हे विसरता येत नाही. मोंढ्यातील धान्याच्या उलाढालीवर जगणाऱ्यांनी जे केले त्यातून शिक्षक आणि कारकुनांच्या पिढ्या घडल्या. शेतीच्या विद्येवर ज्यांचे जीवन उभे राहिले, मग ते आज कचेरीत असोत वा बँकेत, त्यांच्या मेळाव्याने वर्षातून एक शाल कमी करून एखादे काम अंगावर घेतले तर ते परंपरेला धरूनच होईल.

काम कोणते, तर सोयाबीनच्या बियाण्याचे. २०२० च्या जूनमध्ये मराठवाड्यात पेरलेले सोयाबीन ठिकठिकाणी उगवलेच नाही, दुबार पेरणीची पाळी आली आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. वास्तविक सोयाबीन हे स्वपरागीकरणाचे पीक. एकदा प्रमाणित बियाणे घेतले की पुढे दोन-तीन वर्षे घरचे बी चालते. मात्र त्याचे टरफल नाजूक असते. मळणीयंत्र जोरात फिरले किंवा पोती उंचावरून आपटली की बी वरून धड दिसते आणि आतून मेलेले असते. ते ओळखण्याची रीत कृषी महाविद्यालयात शिकवतात आणि तिला एक छदामही लागत नाही. शंभर दाणे मोजावेत, ओल्या गोणपाटावर ओळीने मांडावेत, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवावे, वरचेवर पाणी शिंपडावे आणि आठवड्याने मोड मोजावेत. सत्तर किंवा अधिक आले तर नेहमीप्रमाणे एकरी तीस किलो पेरावे. कमी आले तर त्या मानाने बी वाढवावे. फारच कमी आले तर ते पोते मोंढ्यात विकून टाकावे.

बिलोली तालुक्यात सगरोळीला कृषी विज्ञान केंद्र आहे, तेथे तज्ज्ञ आहेत. ग्रामीण कार्यानुभवासाठी खेड्यांत येऊन राहणारे कृषिदूत आणि कृषिकन्याही आहेत. त्यांची प्रात्यक्षिके मात्र बहुधा खरिपाची पेरणी उरकल्यावर होतात आणि छायाचित्रात संपतात. उणीव आहे ती गावागावांतून नमुने गोळा करणाऱ्या, वहीत नोंद ठेवणाऱ्या आणि निकाल शेतकऱ्याच्या दारी पोचवणाऱ्या माणसांची. चाचणीला आठ दिवस लागतात. मृग नक्षत्र जूनच्या पहिल्या आठवड्याअखेर निघते. म्हणजे गोणपाटे भिजायची ती मेच्या तिसऱ्या आठवड्यात, नेमकी ज्या दिवसांत नोकरीवरची मंडळी सुटीला गावी आलेली असतात.