पाण्यातील मोटार
थारसारखी मोटार ६५० मिलिमीटर खोल पाणी ओलांडू शकते हे खरे. परंतु तो आकडा म्हणजे दुथडी वाहणाऱ्या ओढ्यावरील बुडालेल्या फरशी पुलावर गाडी घालण्याचा परवाना नव्हे, हे आमच्या हौशी चालकांनी ध्यानी घ्यावे. हवेप्रमाणे पाणी दाबले जात नसल्यामुळे, ते सिलिंडरात शिरताच दट्ट्या जागीच अडतो आणि त्याचा पोलादी दांडा वाकतो. म्हणूनच पाण्यात बंद पडलेले इंजिन पुन्हा सुरू करण्याचा मोह मला सर्वांत घातक वाटतो. छतापर्यंत नेलेला स्नॉर्केल, म्हणजे हवा आत घेणारी नळी, इंजिनाचे रक्षण करील, वाहून जाणाऱ्या गाडीचे नव्हे. संथ, परिचित पाण्यातच, खालच्या गिअरमध्ये, गाडीपुढे उठलेली लाट न मोडता, एकाच गतीने जावे; पलीकडे ब्रेक हलके दाबून सुकवावेत.