परसबागेचा आराखडा

मार्गशीर्ष लागला, भाताची मळणी आटोपली, खळ्यावर शेणाचा हात फिरला, कीं कोंकणांतील गृहस्थास थोडी उसंत मिळते. या दिवसांत परसांत फारसें काम नसतें, असा सार्वत्रिक समज आहे. आमच्या मतें बागेचें सर्वांत महत्त्वाचें काम याच दिवसांतलें होय. मात्र तें कुदळीचें नसून कागद-पेन्सिलीचें आहे.

रत्नागिरीस वर्षाकाठीं ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. परंतु तो बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि जांभ्या जमिनींतून झिरपून लवकरच नाहींसा होतो. श्रावणांत बाग आंखणारास जिकडेतिकडे हिरवें दिसतें, व तो हवीं तितकीं झाडें लावून बसतो. वैशाखांत विहिरीचा तळ दिसूं लागला म्हणजे त्याचे डोळे उघडतात. म्हणून आराखडा वैशाखांतील पाण्याचें मान धरूनच करावा. हिशेब मराठी तिसरीचा आहे. मोठ्या माडास उन्हाळ्यांत रोज सुमारें ४० लिटर पाणी लागतें. दहा माडांस ४०० लिटर, म्हणजे १५ लिटरांच्या जवळजवळ २७ बादल्या. वीज असेल त्या दिवशीं पंप हें काम करील. ती नसेल त्या दिवशीं कोण करणार?

दुसरी गोष्ट उन्हाची. २२ डिसेंबरच्या सुमारास सूर्य दक्षिणेकडे इतका कललेला असतो कीं, १० फूट उंच भिंतीची सावली भर मध्यान्हीं उत्तरेस साडेआठ फूट पडते. मेच्या पूर्वार्धांत तोच सूर्य माध्यान्हीं ऐन डोक्यावर येतो. तेव्हां मुळा, माठ, वाल यांचे वाफे या सावलींत येऊं नयेत. सावलीच्या कडेस आजच खुंट्या ठोकून ठेवाव्या. हें माप इतर ऋतूंत मिळणार नाहीं.

तिसरी गोष्ट अंतराची. सहाव्या शतकांतील वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत वृक्षायुर्वेदाचा स्वतंत्र अध्याय आहे. दोन झाडांमध्यें वीस हात अंतर उत्तम, सोळा मध्यम व बारा कनिष्ठ, असें तेथें सांगितलें असून, मुळें परस्परांत गुंतल्यास झाडें नीट फळत नाहींत, हें कारणही दिलें आहे. हात दीड फुटाचा धरल्यास वीस हातांचे तीस फूट होतात. आज आंब्याच्या कलमांस १० मीटर, म्हणजे सुमारें ३३ फूट अंतर ठेवण्याची शिफारस आहे. माडांस साडेसात मीटर.

आतां खरा मुद्दा. आराखडा बहुधा मुंबईहून सुट्टींत आलेले चिरंजीव काढतात. त्यांत हिरवळ असते, फरसबंदी असते, कारंजेंही असतें. त्यांची हौस खोटी नव्हे. पण ते आठ दिवसांनीं परत जातात, आणि शिंपणें करावयास मागें राहतात ते गुडघे धरलेले वडील व कंबर वांकलेली आई. पंधरा माणसांच्या घरांत आज दोघें नांदतात; बाग मात्र पंधरांचीच राहिली आहे. यास्तव, जी व्यक्ति पाणी घालणार तिच्याच हातीं आधीं पेन्सिल द्यावी, असें आम्ही सुचवितों. मोरीच्या पाण्यावर केळ व अळू. मागील दाराशीं कढीलिंब, गवती चहा, जास्वंद. आणि दूर गडग्याकडे रातांबा, फणस, ज्यांस एकदां रुजल्यावर शिंपावें लागत नाहीं. दाटीनें लावलेलें एखादें झाड काढावें लागेल. वडिलांनीं लावलेलें म्हणून मन कचरेल. पण पूर्वजांचा मान झाडांच्या संख्येंत नसून, राखलेलीं झाडें जगविण्यांत आहे.

खड्डे वैशाखांत खणावयाचे, लागवड मृगाच्या पावसांत करावयाची. तोंवर कागद भिंतीवर टांगून ठेवावा, घरांतील सर्वांनीं तो पाहावा, आणि खोडरबर सढळ हातानें वापरावें. आळीं कशीं करावीं व त्यांत नारळाचीं सोडणें कशीं पुरावीं, याविषयीं पुढील अंकीं लिहूं.